बारदान

मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामामागं,
जिथं भिंतीवर पुराची रेघ अजून दिसते,
तिथं मी बसते. दाभण, सुतळी, आणि
डोंगराएवढं फाटकं बारदान.
एका पोत्याला तीन रुपये.
भोक उंदराचं असो, हमालाच्या आकड्याचं असो,
दर तोच.

हळद इथं सगळ्यात असते.
चहात, पापणीत, रुकसानाच्या शिंकेत,
घरी गेल्यावर भाकरीच्या पिठात.
नवरा होता तेव्हा म्हणायचा,
तुझं रोजच लगीन.

पहिलं झालं ते चुकून.
सुतळी संपलेली, बाळगोंडा मुकादम जेवायला गेलेला,
पिशवीत भाचीचा उसवलेला स्वेटर, हिरवा.
म्हटलं, भोक बुजल्याशी कारण.
बुजलं. आणि बघते तर
भोकाला चोच फुटलेली.
मी नाही काढली, भोकच तसं फाटलं होतं.
मी फक्त एक डोळा दिला.

मग खोडच लागली.
लांबट भोक आलं की पडवळ,
कोपरा कुरतडलेला असला की कासव,
आकड्यानं ओरबाडलेलं असलं तर सरळ मक्याचं कणीस.
पिवळ्याची ददात नव्हती.
पांढरा दोरा मुठीत धरून दोन पोती झटकली
की झाला पिवळा.
कोरं कापड देऊन, काढ काहीतरी, असं कुणी म्हटलं
तर मला दोरासुद्धा ओवायचा नाही.
भोक लागतं मला.
आधी ते बोलतं.

बाळगोंडानं धरलंच एकदा.
"इंदाक्का, ह्याचं काय जादा मिळणार हाय का?"
"न्हाई."
"मग?"
त्या "मग"ला मला उत्तर आलं नाही.
घरी भांडी घासताना आलं,
पण तोवर समोर तो नव्हता, आणि उत्तरही
सांगण्याजोगं नव्हतं. एवढंच,
की संध्याकाळी उठताना गुडघे दुखतात ते दुखतातच,
पण ज्या दिवशी कासव होतं
त्या दिवशी ते दुसऱ्या कुणाचे तरी गुडघे असतात.

पोती जातात. राजकोट, इरोड, दिल्ली,
दादू हमाल पाठीवरच्या ओझ्यासकट नावं घेतो.
मी मिरजेपलीकडं रेल्वेनं गेले नाही.
माझा पोपट गेला.

गेल्या मंगळवारी परत आलेल्या गठ्ठ्यातलं
एक पोतं उलगडलं आणि मला शिंक आली.
हळदीची नव्हे. घशाला झोंबणारी.
मिरचीचं पोतं. वर गोल गोल अक्षरांचा शिक्का,
जिलबीसारखा, कुणालाच वाचता येईना.
खाली माझा पोपट.
स्वेटर विटलेला, डोळा जागेवर.
आणि चोचीत
एक लाल मिरची.

मी शिवलेली नव्हती.
टाके बारीक, डावीकडं कलते,
डावखुऱ्या हाताचे. देठ हिरवाच हवा म्हणून
कुणीतरी कुठंतरी हिरवा दोरा शोधला होता.

रुकसानाला दाखवलं. ती हसली, हसायची थांबली,
मग मिरचीवरून बोट फिरवलं, तिखट लागेल असं.
"कोण असंल गं?"
तिकडं पण एक गोदाम असंल.
तिकडं पण तीन रुपये, नाहीतर चार.
तिकडच्या मुकादमानं पण विचारलं असंल, मग?

तीन दिवस ते पोतं मी बुडाखाली घेऊन बसले.
मोजणीत एक कमी, बाळगोंडाचा आरडाओरडा.
मला निळा दोरा मिळत नव्हता.
शेवटी त्याच्याच हिशोबाच्या वहीची नाडी,
तो पान खायला गेला तेव्हा, वीतभर.

पोपटाच्या पायाशी वाटी शिवली. पाण्याची.
एवढी मिरची खाल्ल्यावर
पाणी नको?

पोतं ढिगावर टाकलं.
बाळगोंडानं मोजलं, वही उघडली, नाडी धुंडली,
मग वाटीकडं बघत राहिला, बराच वेळ.
"भरलं," म्हणाला,
आणि दादूला हाक मारली.